'वाढले' या शब्दावरून उठलेल्या पंगतीची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न, घरोघरची चूल पेटती असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष शुद्ध अष्टमी, महिन्याची अखेर, ते दिवशी दोन खोल्यांच्या राज्यात जे घडले ते यथामति लिहितो. राज्याच्या स्वामिनी द्वारकाबाईसाहेब मोठ्या हिकमती. पगार येणार एक तारखेस, आणि वाण्याकडे उधारी करणे नाही हा बाईसाहेबांचा नेम, आणि पानावरून कोणी अर्धपोटी उठणे नाही हा दुसरा नेम, आणि दोन्ही सांभाळता अखेरीस जीव मेटाकुटीस येई. त्यात घरात 'संपले' हा शब्द वर्ज्य. जिन्नस सरला की 'वाढला' म्हणावे, ऐसी सासूबाईंपासूनची चाल. ते सकाळी बाईसाहेबांनी डबे ठोकून पाहिले आणि वदल्या, "डाळ वाढली, तेल वाढले, तांदूळही वाढले!" हे पती विसाजीपंतांचे कानी पडले. पंत दिलदार, परंतु स्वयंपाकघराचा उंबरा जेवणापुरता ओलांडणार! त्यांस वाटले, लक्ष्मी पावली. मग हर्षे करून मोबाइल उचलिला आणि धाकट्या भगिनी गोदूताईंस सहकुटुंब जेवावयाचे आवतण धाडून मोकळे जाहले.

वर्दी ऐकताच बाईसाहेब मटकन खाली बसल्या. "अहो, डाळ वाढली हो!"

"तेच तर म्हणतो मी!"

"अहो, वाढली म्हणजे... वाढली!"

"मग रडतेस काय वेड्यासारखी?"

आता काय सांगावे, कपाळ! वर्ज्य शब्द जिभेवर येईना आणि नणंदेपुढे अब्रू जाते. मग बाईसाहेबांनी पदर खोचिला, आणि तळाचे बेसन खरवडिले, आणि आंबट ताक घातले, आणि लोणच्याच्या बरणीतील तेल काढून चरचरीत फोडणी दिधली, आणि पिठल्यात पाण्याची कुमक धाडिली, पुन्हा धाडिली, आणि उरल्या पिठाच्या भाकऱ्या थापिल्या. पंगत बसली. गोदूताई बोटे चाटू लागल्या. "वहिनी, काय चव आहे हो! आणखी वाढा."

पातेले रिते. बाईसाहेबांचे डोळे भरून आले. "वन्सं, पिठलं वाढलं हो."

पंत गर्जले, "वाढलं ना? मग वाढ की! हात का आखडतेस?"

"अरे दादा, वाढलं म्हणजे संपलं!" गोदूताई बोलून गेल्या, आणि जीभ चावली, आणि जे हसू फुटले ते ठसका लागेतो. "वहिनी, डोळे पुसा आधी! आमच्याकडे तर कालच सगळं वाढलं. उगाच का दादाचा फोन येताच पोरांसकट धावत सुटलो?" मग बाईसाहेबही हसल्या, आणि दोघींनी भाकरीच्या तुकड्याने पातेले पुसून अर्धे अर्धे खाल्ले, आणि पंत खजील होऊन भांडी घासते जाहले.

तेव्हापासून 'वाढले' कानी पडताच पंत पिशवी उचलितात. परवा बाईसाहेब कौतुके म्हणाल्या, "अहो, तुमचं पोट वाढलं हो," तोच पंत वाण्याकडे कूच करून गेले. येणेप्रमाणे नेम राहिला, अब्रू राहिली. आमची शाई वाढली, सबब लेखन पुरे.