अष्टमीची गोळी

सासऱ्यांच्या मधुमेहावर गोळी देताना सोलापूरच्या डॉक्टरांनी शामलाला बजावलं होतं, "ही गोळी स्वतः साखर खात नाही, बाई. ती पोटामागच्या ग्रंथीला कामाला लावते. ग्रंथी रस सोडते, आणि तो रस रक्तातली साखर उचलून अंगभर पोचवतो. ताटात काही पडो न पडो, रस सुटणारच. म्हणून जेवण नाही तर गोळी नाही." शामलानं मान हलवली आणि कडेवरच्या बाळाचं नाक पुसलं. साखर उतरवायलाच तर आलोय. जरा जास्त उतरली तर बिघडलं कुठं?

नवरात्रातल्या अष्टमीला तिचे सासरे विष्णुपंत नुसत्या पाण्यावर उपवासाला बसले. औषधानं उपवास मोडत नाही, हे साऱ्या तुळजापूरला ठाऊक. शामलानं न चुकता सकाळची गोळी दिली.

अकराच्या सुमारास विष्णुपंत थरथरू लागले. बंडी घामानं चिंब, नजर भलतीकडंच. शेजारच्या मथुराबाईंनी पाहिलं आणि पदर पसरला. "आई आली! मास्तरांच्या अंगात आई आली!"

बघता बघता ओसरी भरली. कुणी मळवट भरला, कुणी पोरीचं लग्न कधी जमंल ते विचारलं. विष्णुपंतांची उभी हयात निजामाच्या शाळेत उर्दूतून गणित शिकवण्यात गेलेली. ते गरजले, "खामोश! बैठ जाओ!"

सगळे मटकन बसले.

"आई उर्दूत बोलतीया?" कुणीतरी कुजबुजलं.

"निजामाच्या राज्यात इतकी वर्सं काढली तिनं. शिकली आसंल," मथुराबाई म्हणाल्या.

शामलाला मात्र तो घाम दिसत होता. डॉक्टरांचे शब्द आठवले आणि ती सासूकडं धावली. "आत्याबाई, साखर! लवकर!"

साखरेच्या डब्याला कुलूप आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. "साखर? मधुमेहाच्या माणसाला? सासऱ्याच्या जिवावर उठलीस का गं?"

समजावायला वेळ नव्हता. विष्णुपंतांची मान कलू लागली होती.

"देवी साखरपाणी मागतेय!" शामला ओरडली.

नवऱ्याला चिमूटभर साखर न देणाऱ्या सासूबाईंनी देवीसाठी डबाच पुढं केला.

घोट घोट पाणी गेलं. थरथर थांबली, नजर ठिकाणावर आली. शामला बघतच राहिली. नखाएवढ्या पांढऱ्या गोळीनं एवढा मोठा माणूस आतून रिता केला, आणि वाटीभर गोड पाण्यानं त्याला माघारी आणलं! देवळातसुद्धा तिचे हात इतक्या मनापासून कधी जुळले नव्हते.

"ही मंडळी इथं का बसलीत?" विष्णुपंतांनी विचारलं. "आणि माझं कपाळ कुणी रंगवलं?"

शामलानं त्यांच्यापुढं भाताचं ताट ठेवलं. उपवासाचा शब्दही कुणी काढला नाही.

मथुराबाई पाया पडून उठल्या. "तुमच्याकडची गेली बाई. आमच्याकडं आजून हाय."

"काय?"

"आमच्या मालकांच्या अंगात बी आलीया. सकाळधरनं म्हशीला अहो-जाहो करायलेत. मास्तरांचं बघून त्येंनी बी तीच गोळी चालू केली न्हवं का! उपास बी त्योच."

शामलानं साखरेचा डबा उचलला आणि ती धावत सुटली.

पण एका वेळी ती एकाच घरी पोचणार. तुमच्या आळीत कुणी गोळी घेऊन उपाशी बसलंय का, तेवढं आत्ताच डोकावून या.