खांबेट्यांची पाणसळ

खांबेटे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी शर्टाच्या खिशातून एक छोटी पाणसळ काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. पाणसळ म्हणजे गवंड्याजवळ असते ती. काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात हवेचा एक फुगा. फुगा डावीकडे सरकला. खांबेट्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकून फुग्याकडे पाहिलं आणि डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाले, "प्रधान, तुमचं घर कलतंय."

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्या फ्लॅटची किल्ली मिळून आम्हाला थोडेच दिवस झाले होते. माझी बायको मेधा हातात ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी हसलो. खांबेटे हसले नाहीत. "आधी लेव्हल, मग चहा," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, त्याची घडी घालून टेबलाच्या एका पायाखाली सरकवली, फुगा मधोमध आणला आणि मगच कपाला हात लावला. ते गेल्यावर माझी मुलगी तिच्या सिंगापुरी वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाबा, ही अंकल सो फनी, लाह." मलाही तसंच वाटलं. पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

खांबेटे मूळचे नाशिकचे. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचे इंजिनिअर. सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत उभे असायचे, तेसुद्धा फुटपाथचा उतार टाळून. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांनी कहर केला. गुरुजी प्राणप्रतिष्ठेला बसलेले, मंडळी अक्षता घेऊन उभी, आणि खांबेट्यांनी चौरंगावर पाणसळ ठेवली. "गुरुजी, थांबा. बाप्पा डावीकडे झुकलेत."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सोंड डावीकडे आहे हो त्यांची."

सगळा हॉल हसला. खांबेट्यांनी तरीही चौरंगाखाली पुठ्ठा घातलाच. पुढच्या महिन्यातल्या कोजागरीला मी त्या प्रसंगाची नक्कल करून दाखवली आणि ती फार गाजली. शैलावहिनी, म्हणजे खांबेट्यांची बायको, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यासुद्धा हसल्या. मला त्याचं बरं वाटलं होतं, हे आता लिहितानाही मान खाली जाते.

पण पाणसळ हे त्यांचं धाकटं वेड. थोरलं वेड सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला लिम अंकल नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजमागे उभं असायचं. त्याचं नाव बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे दोन चाकांवरची एक पत्र्याची पेटी. झाकण उघडून उलटं केलं की त्यातून तंबू उभा राहायचा, तंबूत दोन फळ्यांचे दोन बिछाने, आणि मागचा खण ओढला की शेगडी बाहेर यायची. मायदेशी परत निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याकडून खांबेट्यांनी ही पेटी घेतली होती. सिंगापुरात असली वस्तू ठेवायची कुठे? आमच्या ब्लॉकखाली तर सायकल लावायलाही जागा शोधावी लागते. म्हणून ती जोहोरला. दिवाळी, हरी राया म्हणजे इथली ईद, चिनी नववर्ष, कुठलीही जोडून सुट्टी आली की खांबेटे बसने पलीकडे जायचे, लिम अंकलची जुनी जीप भाड्याने घ्यायचे, तिच्यामागे बिऱ्हाड जोडायचे आणि पाहांगच्या जंगलातल्या एका नदीवर जायचे. कशाला, तर सोनं शोधायला.

त्या भागातल्या नद्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात हे खरं आहे. पण आमच्या मंडळींना ते विनोदापुरतंच पुरेसं होतं. वाढदिवस असो की सत्यनारायण, खांबेटे दिसले की कुणीतरी विचारायचंच, "काय खांबेटे, किती तोळे झालं?" ते म्हणायचे, "अजून चाचणी चालू आहे." दर वर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्यांना गोल्ड अंकल हे नावही पडलं होतं. ते मी पाडलं होतं.

एका दिवाळीला मेधा मुलीला घेऊन पुण्याला गेली होती. खांबेटे म्हणाले, "येता का, प्रधान? माणूस सोबत असला की जॅक लावायला बरं पडतं." मी हो म्हणालो. परत आल्यावर सांगायला नवीन नक्कल मिळेल, हा एक विचार होता. दुसरा विचार सोन्याचा होता. मी बँकेत ऑडिटमध्ये आहे. दुसऱ्यांनी काय लपवलं ते शोधून काढण्याचा मला पगार मिळतो.

डांबरी रस्ता संपला आणि पामतेलाच्या बागांमधून तांबडी, खाचखळग्यांची वाट सुरू झाली. खांबेट्यांनी उतरून सगळ्या चाकांतली हवा थोडी सोडली. म्हणाले, चाक मऊ असलं की वाट त्याला सांभाळून घेते. पुढे जंगल. एका ओढ्यात बिऱ्हाड रुतलं तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभा राहून जॅक फिरवला आणि माझ्या पोटरीला जळवा लागल्या. नदीवर पोचलो तोवर भुकेने जीव कासावीस झाला होता. पण खांबेटे शेगडी उघडू देईनात. आधी लेव्हल. चाकांच्या पुढे-मागे दगड. चाकांखाली फळ्या. चारही कोपऱ्यांचे पाय स्क्रूने वर-खाली. पाणसळ कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. मग आत जाऊन दोन्ही बिछान्यांवर. दुसऱ्या बिछान्यावर त्यांनी हत्यारं, दोरखंड, घमेली असा डोंगर रचला होता. तो सगळा उतरवून खालची फळी मोजली आणि पुन्हा रचला. मी म्हणालो, "अहो, हत्यारं काय घरंगळून पडणार आहेत?" त्यांनी पाणसळ रुमालाने पुसली. मला बाहेर वेगळ्या लहान तंबूत, घडीच्या खाटेवर झोपायला सांगितलं. खाटेची लेव्हल मात्र नीट बघितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो. कडेला खाचा असलेल्या हिरव्या थाळीत वाळू घ्यायची आणि पाण्यात हलवत हलवत, तांदळातले खडे काढावेत तशी, हलकी वाळू वाहू द्यायची. जड असेल ते तळाशी राहतं. पूर्वी ते यासाठी घरची कणकेची परात आणत. वहिनींनी ती परत मागून घेतली होती. खांबेटे नदीच्या एकाच वळणावर, एकाच मोठ्या खडकाच्या आसपास, वाकून बसायचे. मी म्हणालो, जरा वरच्या अंगाला बघू. ते म्हणाले, "सोनं जड असतं, प्रधान. ते लांब जात नाही. पडलं तिथेच खडकाआड बसून राहतं."

थोड्या वेळाने त्यांच्या थाळीच्या तळाशी तीन-चार कण चमकले. खरं सोनं. मी पाण्यात धडपडत गेलो. खांबेट्यांनी कणांवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि थाळी नदीत उलटी केली.

"अहो, हे काय?"

"एवढ्याशा कणाचं काय करायचं?" ते म्हणाले आणि नवी वाळू घेतली.

माणूस खरोखरच बिघडलेला आहे, अशी माझी खात्री पटली. आणि मग दुपारी ते पिठल्याचं बघायला वर गेलेले असताना माझ्या थाळीत, काळ्या वाळूत, वालाएवढा एक खडा राहिला. चेपलेला, मातीने लिंपलेला. पण मी नखाने खरवडलं तिथे पिवळा. मी वर पाहिलं. खांबेटे शेगडीवर वाकले होते, पाठमोरे. मी तो खडा धुवून पँटच्या आतल्या खिशात घातला.

स्वतःची समजूतही लगेच घातली. हा माणूस सोनं नदीतच फेकतो. जे नदीत परत जाणार ते माझ्या खिशात गेलं तर नुकसान कोणाचं? ऑडिटमध्ये असला युक्तिवाद कोणी माझ्यासमोर केला असता तर मी त्याला सोडला नसता. पिठलं उत्तम झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं.

परतताना वुडलँड्सच्या सीमानाक्यावर कस्टमच्या माणसाने काही आणलंय का विचारलं. मी खिशावर हात ठेवला. खांबेटे हसून म्हणाले, "नथिंग, ऑफिसर. ॲज युज्वल."

मेधा पुण्याहून आल्यावर मी तिला खडा दाखवला. आधी सांगितलं की सापडला. खांबेट्यांना माहीत नाही हे नंतर सांगितलं. तिने तो कोमट पाण्यात भिजवला, जुन्या ब्रशने घासला. माती सुटली, आतली लाख निघाली, कडेची बारीक रव्यांची ओळ दिसली, वाकलेली कडी वर आली. मेधा खुर्चीत बसली.

"अहो, हा खडा नाही. ही मंगळसूत्राची वाटी आहे."

मी ती तिच्या हातून घेऊन दिव्याखाली धरली.

"शैलावहिनींच्या गळ्यात एकच वाटी आहे," ती म्हणाली. "मी किती वेळा पाहिलं. मला वाटलं, नवीन फॅशन असेल."

दुसऱ्या दिवशी ती फराळाचा डबा द्यायच्या निमित्ताने वहिनींकडे गेली. वाटीचं काही बोलली नाही, नुसतं विचारलं. वहिनींनी हसत हसत सगळं सांगितलं. बिऱ्हाड घेतलं तेव्हा दोघांनी मिळून फिरायचं असं ठरलं होतं. पहिल्याच खेपेला, त्याच नदीवर, पोचायला उशीर झाला. दोघंही दमली होती. वहिनी म्हणाल्या, आधी जरा पडते. खांबेटे म्हणाले, पड, लेव्हल मग बघू. उतार होता, चाकांना दगड लावलेले नव्हते. वहिनी आत आडव्या झाल्या आणि बिऱ्हाड एका अंगावर कललं, घसरलं आणि काठावरून पाण्यात गेलं. खांद्याला मार लागला, तो बरा झाला. मंगळसूत्र कशात तरी अडकून तुटलं. मणी मिळाले, माहेरची वाटी मिळाली. सासरची गेली. ती खांबेट्यांच्या आईने स्वतःची पाटली मोडून करून दिली होती.

"सासरची वाटी वाहून गेली, तेव्हाच माझा सासुरवास संपला, असं मी म्हणते," वहिनी मेधाला म्हणाल्या. "पण ह्यांना हसू येत नाही. सेरंगूनला सोनाराकडे जाऊन नवी करू म्हटलं, तर त्या दिवशी जेवले नाहीत. आता कॉन्ट्रॅक्ट संपलंय, नाशिकला परत जायचं. शेवटची एक खेप करणार आणि बिऱ्हाड विकणार. अगं, वाटी नाही मिळाली तरी चालेल मला. एकदा मला 'चल' म्हणावं. त्या दिवसापासून मला नदीवर नेलं नाही. म्हणतात, वाटी मिळाली की नेईन."

मेधाने हे मला सांगितलं आणि म्हणाली, "आज जा आणि त्यांच्या हातात द्या."

मी त्यांच्या ब्लॉकपर्यंत गेलो. लिफ्टपर्यंतही गेलो. काय म्हणणार होतो? तुम्ही पिठलं करत होता तेव्हा मी चोरली? मी परत आलो आणि मेधाला म्हटलं, मी त्यांच्याबरोबर शेवटच्या खेपेला जातो. तिला माझा बेत कळला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही. निघायच्या सकाळी तिने कागदाची एक पुडी माझ्या हातात ठेवली. मी ती उघडूनही न बघता खिशात घातली.

पुन्हा तांबडी वाट, पुन्हा ओढा, पुन्हा लेव्हल. या वेळी मी एका शब्दाने घाई केली नाही. सकाळी खांबेट्यांनी थाळीत वाळू भरली आणि चष्मा विसरला म्हणून ते वर गेले. मी पुडी पाण्यावर धरून वाटी त्यांच्या थाळीत, वाळूच्या तळाशी, खुपसली आणि लांब जाऊन उभा राहिलो.

ते आले, बसले, थाळी हलवू लागले. वाळू वाहत गेली. मग हात थांबले. ते तसेच पाण्यात बसले, पँट भिजवत. मी अगदी आत्ताच लक्ष गेल्यासारखं विचारलं, "काय झालं?"

त्यांनी वाटी बोटांत धरून उन्हात फिरवली. बराच वेळ बघितली. कडी सरळ केलेली होती. आणि त्या बारीक रव्यांच्या खाचांत पिवळी हळद बसली होती. कडीच्या सांध्यात कुंकवाचा लाल कण होता. मेधाने सवाष्णीचा दागिना म्हणून पुडीत बांधण्याआधी देवापुढे ठेवला होता. तिला ते सांगावंसंही वाटलं नसणार. सगळ्याच बायका करतात.

मी पाण्याकडे पाहत राहिलो.

खांबेटे हळूच म्हणाले, "प्रधान, इथल्या नदीला आपल्या पद्धती माहीत आहेत म्हणायच्या."

मी तोंड उघडलं. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि वाटी रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली. काठावर जाऊन चहा टाकला, लेव्हल न बघता. कपात साखर माझ्या आवडीइतकी, थोडी जास्तच घातली होती.

दुपारी ते बिऱ्हाडात शिरले आणि दुसऱ्या बिछान्यावरची हत्यारं, दोरखंड, घमेली एकेक करून बाहेर काढू लागले. मी मदत केली. फळी पुसली, तिच्यावर त्यांनी धुतलेली चादर पसरली.

"विकायच्या आधी एकदा हिला घेऊन येतो," ते म्हणाले. "तेव्हा तुम्हाला बोलावता यायचं नाही. जागा नसेल. माफ करा हं."

माफी ते मागत होते. मी म्हणालो, "चालेल हो."

मग त्यांनी मला त्या बिछान्यावर आडवं व्हायला सांगितलं. माणसाचं वजन पडल्यावर लेव्हल कशी राहते ते बघायचं होतं. मी पडलो. ते खाली उतरले, एका कोपऱ्याचा पाय थोडा फिरवला आणि बाहेरून विचारलं, "कुठे कलतंय का, प्रधान?"

"नाही," मी म्हणालो. "अगदी सरळ आहे." आणि तंबूच्या कापडाकडे तोंड करून मी तसाच पडून राहिलो.