इटलीच्या ताटल्या

मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सुकदेव बोरसे पलंगाखाली शिरलेले होते. अंगात नवा सफारी, डोक्याला अर्धवट बांधलेला फेटा आणि त्या फेट्याचं टोक पार दारापर्यंत गेलेलं. फेटा बांधणारा माणूस ते टोक हातात धरून बिचारा उभा होता. वऱ्हाड हॉलवर पोचलं होतं, आणि वधूपिता पलंगाखाली. दुसऱ्या कुणाच्या बायकोला घाम फुटला असता. शकुंतलाबाईंना सवय होती.

"अहो, बाहेर या. हॉलवर पाहुणे विचारताहेत."

"ट्रंकेतले कप कुठे गेले?" आतून आवाज आला.

"कसले कप?"

"कसले म्हणजे? गाडीचे. तुझ्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवले होते मी."

आता ही गाडी काय होती ते सांगायला हवं. बोरसे मूळचे अमळनेरचे, सुरतेत बँकेत अधिकारी, राहायला उधन्याच्या एका सोसायटीत. नानपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पारशीबाबाकडून त्यांनी छप्पन सालची फियाट विकत घेतली होती. पुढून नाकाड असलेली ही गाडी सगळं जग 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखतं. बोरशांना हे नाव अजिबात खपत नसे. "मिलिसेंटो म्हणा, इटलीतलं खरं नाव ते," असं ते पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, अगदी भाजीवाल्यालाही सांगत. भाजीवाला हो म्हणे आणि जाताना "डुक्कर जरा बाजूला घ्या ना साहेब" असं म्हणून हातगाडी पुढे काढी.

धनश्री तेव्हा कॉलेजात होती. बापानं तिला शब्द दिला होता, "धनू, तुझी पाठवणी या गाडीतून. आणि गाडीतला एकेक भाग ओरिजनल असेल." झालं. तिथून तीन वर्षं बोरशांच्या घरात 'ओरिजनल' या शब्दानं उच्छाद मांडला. ज्या गावात साडीची जरसुद्धा खरी की खोटी हे विचारून घ्यावं लागतं, त्या गावात हा माणूस दाराच्या मुठी, काचेचे रबर, हॉर्नचं बटण असलं काहीबाही इटलीचंच हवं म्हणून हिंडत होता. नवागामचा लोटू मिस्त्री, तोही खान्देशातलाच, त्यांच्या गाडीचं काम करी. तो कंटाळून म्हणायचा, "साहेब, डुप्लिकेट लाई देऊ. कोन देखस खाले वाकीसन?"

"मी बघतो," बोरसे म्हणत.

सगळ्यात जास्त छळलं ते व्हीलकपांनी. व्हीलकप म्हणजे चाकाच्या मधोमध बसतं ते चकचकीत झाकण. त्यातले तीन कसेबसे मिळाले. चौथा बिलिमोऱ्याला एका बाईच्या स्वयंपाकघरात सापडला. तिनं तो दुधाच्या पातेल्यावर झाकला होता. बोरशांनी तिला नवंकोरं झाकण नेऊन दिलं, तरी ती म्हणाली, "आवुं सारुं ढांकण हवे नथी मळतुं, भाई," आणि असं चांगलं झाकण आता मिळत नाही म्हणून मोठ्या नाराजीनं तो सोडला. मग चारही कप बोरशांनी रोज संध्याकाळी घासले. बाहेरून घासले, आतूनही घासले. "आतून कोण बघणार आहे?" असं शकुंतलाबाईंनी विचारल्यावर त्यांनी पुढचा कप घासायला घेतला. चोरीच्या भीतीनं त्यांनी कप गाडीला लावले नाहीत. घरात कुलूप लागणारी एकच ट्रंक होती, तिच्यात ठेवले. लग्नाच्या सकाळी लोटू येऊन बसवणार होता.

त्याच ट्रंकेत रुखवताचं सामान होतं.

रुखवत मांडायला बोरशांची थोरली बहीण वत्सलाताई अमळनेरहून आली होती. जावयाकडच्या बायका रुखवतापुढे उभ्या राहून काय बोलतात यावर मुलीचं सासरी वजन ठरतं, अशी तिची ठाम समजूत. शकुंतलाबाईंनी तिला किल्ली देऊन सांगितलं होतं, "ताई, ट्रंकेत आहे ते सगळं रुखवताचं. तुमच्या मनानं मांडा."

फेट्यासह धूळ झटकत बोरसे पलंगाखालून निघाले आणि तसेच हॉलवर धावले. वत्सलाताई दारातच भेटली.

"ताई, ट्रंकेत पातळात गुंडाळलेलं काही होतं का?"

"त्या चार ताटल्या? मांडल्या ना." ताई खुशीत होती. "काय सुरेख घेतल्या रे सुकदेव. मी स्टीलच्या आणल्या होत्या, त्या पार फिक्या पडल्या म्हणून काढून टाकल्या. आणि नावाशिवाय कशा द्यायच्या, म्हणून काल त्या नाव घालणाऱ्याकडून नावही घालून घेतलं."

नाव घालणारा म्हणजे ते थरथरतं यंत्र घेऊन सोसायटीत येणारा माणूस. भांड्यावर एकदा कोरलं की ते जन्मात जात नाही.

रुखवताच्या टेबलावर चारही कप ओळीनं मांडलेले होते. एकात अनारसे, एकात करंज्या, एकात शंकरपाळे, एकात बेसनाचे लाडू. चारहींच्या काठावर गोल कोरलेलं: 'चि. सौ. कां. धनश्री हिस आत्याकडून सप्रेम'. आणि अनारशांचा कप रिकामा करून, उलटा करून, बोटाच्या पेरानं ठोकून बघत उभे होते खुद्द व्याही.

व्याही राघोनाना साळुंखे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांनी न तपासता काही घेतलं नव्हतं. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी बोरशांच्या घराचा नळसुद्धा सोडून बघितला होता.

"सुकदेवराव, हे काय आहे?"

बोरशांच्या तोंडापर्यंत खरं आलं होतं. पण शेजारी विहीणबाई उभ्या होत्या. कलाबाई सोवळ्या नसल्या तरी चोखंदळ होत्या, आणि त्यांच्या तोंडात करंजी होती. चाकावरचं झाकण आहे असं आत्ता सांगितलं, तर ही करंजी आपल्या पोरीला पुढची तीस वर्षं ऐकावी लागणार, हे बोरशांना लख्ख दिसलं. 'तुझ्या बापानं आम्हाला गाडीच्या चाकातलं वाढलं.' प्रत्येक सणाला, प्रत्येक भांडणात.

"मागे 'मेड इन इटली' लिहिलंय," राघोनाना म्हणाले.

"हो. इटलीचंच आहे."

"धातू जड आहे. चांगली कंपनी दिसते."

"फार जुनी आहे."

"मग तिकडे हे रोज वापरतात, की पाहुणे आल्यावर?"

"रोज," बोरसे म्हणाले. "बाहेर पडताना तर असतंच."

एवढ्या बोलण्यात ते एकही अक्षर खोटं बोलले नव्हते. राघोनाना मान डोलावत विहीणबाईंना म्हणाले, "ऐकलंस? इटलीचं आहे. हे सामान टेम्पोत नको. आपल्या मांडीवर घेऊन जाऊ."

बाहेर लोटू बोडक्या चाकांपाशी बसला होता. बोरशांनी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि मग कामाला लागला. वत्सलाताईनं रुखवतातून काढून टाकलेल्या चार स्टीलच्या ताटल्या कोपऱ्यात पडल्याच होत्या. त्यानं त्या तारेनं आवळून चाकांवर बसवल्या. लांबून झकास दिसत होत्या. बोरशांनी तिकडे बघितलं नाही.

पाठवणीला धनश्री रडत रडत गाडीत बसली. शेजारी नवरा, योगेंद्र. पुढे लोटू चालवायला आणि त्याच्या बाजूला राघोनाना, मांडीवर कपांचं गाठोडं. गाडी निघाली, बँडवाल्यांनी शेवटचा सूर लावला आणि हॉलच्या फाटकातच पुढच्या चाकावरची ताटली सुटली. ती ठणठणत गाडीच्या पुढे पळाली, बँडवाल्यांच्या पायांतून गेली आणि रस्त्याच्या मधोमध गिरक्या घेत आडवी झाली. सगळं वऱ्हाड बघत राहिलं. धनश्रीला रडता रडता हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला.

राघोनानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मांडीवरच्या व्हीलकपांना घट्ट धरत ते म्हणाले, "काय हो सुकदेवराव, चाकाला कुणी ताटल्या लावतं का?"

बोरसे ताटली उचलायला रस्त्यात धावले.

लग्नानंतर पंधरा दिवस त्यांनी कसेबसे काढले. जीव तुटत होता. नाव कोरलं असलं म्हणून काय झालं, कप होते तर ओरिजनल. शेवटी त्यांनी चौटा बाजारातून चार भारी ताटल्या घेतल्या, काठाला नक्षी असलेल्या, आणि अडाजणला व्याह्यांचं घर गाठलं. विचार साधा होता. आमच्या ताटल्यांत खोट निघाली, या बदलून घ्या.

कलाबाईंनी पुढ्यात चिवडा ठेवला. त्याच कपात. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरी खायचं नाही ही बोरशांकडची रीत, त्यामुळे ते नुसते बघत बसले. कप त्यांनी ठेवला होता त्याहून स्वच्छ होता.

"विहीणबाई, या ताटल्यांचं जरा ऐकलंय मी. म्हणजे, पॉलिश पोटात जातं म्हणतात. मी या दुसऱ्या आणल्यात बदली."

"छे हो. मी रोज चिंचेनं घासते. चिंचेनं जे जात नाही ते पोटात कसं जाईल?"

आतून राघोनाना आले. त्यांनी नव्या ताटल्या ठोकून बघितल्या आणि तोंड वाकडं केलं. "सुकदेवराव, रागावू नका. हा पत्रा आहे. ज्याच्याकडे ओरिजनल आहे त्यानं डुप्लिकेट का घ्यावं?"

तीन वर्षं हेच वाक्य बोरसे दुसऱ्यांना ऐकवत होते. ते उठले. दारापर्यंत सोडायला आलेल्या धनश्रीनं हळूच विचारलं, "पप्पा, मी सांगून टाकू का यांना? योगेंद्र तर हसेल फक्त."

"योगेंद्र हसेल. सासूबाई?"

धनश्रीनं आत नजर टाकली. कलाबाई शेजारच्या बाईला कप दाखवत होत्या आणि "आमच्या सुनेच्या माहेरचं" असं म्हणत होत्या. चपला घालताना बोरशांना पहिल्यांदा वाटलं की कप बरे आहेत तिथे.

पण वाटणं वेगळं आणि रोज सकाळी सोसायटीच्या आवारात ती बोडकी चाकं बघणं वेगळं. लोटू डुप्लिकेट आणू का विचारी, बोरसे नाही म्हणत. गाडी तशीच उभी राहिली.

दिवाळसणाला व्याही-विहीण, लेक-जावई सगळे उधन्याला जेवायला आले. जावयाला काय हवं ते विचारायची पद्धत, म्हणून बोरशांनी विचारलं. योगेंद्र पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये इंजिनियर, स्वभावानं गरीब. तो "काही नको" म्हणाला. राघोनानांनी मात्र घसा साफ केला.

"मुलाला नको असेल. मला एक पाहिजे आहे. मागणं नाही हं, लाडानं सांगतो. ती इटलीची ताटली अजून एक. आमच्याकडे चार आहेत, पाच हव्यात."

बोरशांच्या डोक्यात दिवसरात्र एकच गोष्ट. ते पटकन बोलून गेले, "पाचवी? स्टेपनीला?"

"कशाला?"

"नाही, म्हणजे, घरात माणसं चारच ना?"

कलाबाई गालात हसल्या आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं. धनश्रीनं मान खाली घातली. योगेंद्रनं छताकडे बघितलं. शकुंतलाबाईंच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. वरण कुणालाच वाढलं गेलं नाही. फक्त बोरसे अजून विचार करत होते की पाचवा माणूस कोण. शेवटी शकुंतलाबाई त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि समजावून सांगून परत आणलं.

पुढच्या शनिवारी बोरसे लोटूला घेऊन जुन्या बाजारात गेले. तिथे हिलाल नावाचा एक भंगारवाला बसायचा. तीन वर्षांत बोरशांनी त्याच्या दुकानातला प्रत्येक ढीग उपसला होता. त्यांना बघताच हिलालनं पोत्यातून एक कप काढून पुढे केला. काळा पडलेला, पण कुठेही चेपलेला नाही. बोरशांनी उलटा करून बघितला. होतं. मेड इन इटली.

लोटूला खरंच आनंद झाला. "साहेब, पुढल्या चाकाले लाई टाकू. एक तं व्हई गया. बाकीना बी मिळतीन."

बोरशांनी कप रुमालानं पुसला. थोडी चमक वर आली. एक क्षण त्यांना ती गाडीच्या पुढच्या चाकावर दिसलीही, सकाळच्या उन्हात, सोसायटीतले लोक बघताहेत अशी. मग त्यांनी कप रुमालात गुंडाळून काखेत मारला.

"हा गाडीचा नाही."

"मंग कोनाना?"

"माझ्या नातवाचा. किंवा नातीचा. जेवायला."

"आन गाडीले काय लावनं?"

"डुप्लिकेट बघ कुठे मिळतात का," बोरसे म्हणाले. "कोण बघतंय खाली वाकून?"