अधोलीच्या मापाचं डोकं

माणसाच्या शरीरात डोकं सर्वांत वर बसवलेलं असल्यामुळे पडताना त्याला सर्वांत लांबचा प्रवास करावा लागतो. (पायांना तो करावाच लागत नाही. ते आधीच खाली असतात.) हे सत्य मनुष्यजातीला फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण त्यावर परिपत्रक निघायला १९७४ साल उजाडावं लागलं.

ज्या खात्यानं ते काढलं त्याचं नाव सांगायचं कारण नाही. खातं अजून आहे, आणि त्याची स्मरणशक्ती इतर बाबतींत कशीही असली तरी या बाबतीत चांगली आहे.

दिवाळीच्या फराळाच्या डब्यात नुसता चुरा उरला होता, त्या आठवड्यात परिपत्रक जऊळक्याच्या उपकचेरीत पोचलं. त्यात तीनच गोष्टी होत्या. प्रत्येक सायकलधारक कर्मचाऱ्यानं योग्य मापाचं शिरस्त्राण रुपये साडेसातच्या मर्यादेत निवडून घ्यावं. तीन दुकानांची दरपत्रकं जोडावी. आणि माप योग्य असल्याचा दाखला मिळेपर्यंत खात्याची सायकल कचेरीच्या कोठीत कुलपात ठेवावी.

जऊळक्याला सायकलधारक कर्मचारी एकच होती: नर्स ललिताबाई. सहा गावं आणि दोन तांडे तिच्या सायकलवर चालत. तिशीतली बाई, पायात रबरी चपला, हँडलला औषधांची पिशवी. ती रस्त्यानं निघाली की बैलगाड्या थांबत. म्हणजे बैल चालतच असत, गाडीवान बघत राहिल्यामुळे गाड्या बाभळीत शिरत. पण ती स्वतः सात वर्षांत एकदाही पडली नव्हती. परिपत्रकात याचा विचार केलेला नव्हता, कारण न पडणाऱ्या माणसाची नोंद ठेवायचं रजिस्टर खात्यात नव्हतं.

हेडक्लार्क गोविंदसिंग यांनी परिपत्रक दोनदा वाचलं, सायकल कोठीत ढकलली, कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं.

"अवो सायब, माही सायकल काहून कोंडून राह्यले?" ललिताबाई म्हणाली. "तांड्यावरची रुपाबाई संक्रांतीच्या सुमाराले मोकळी व्हनार हाये. दोन लेकरं गेले तिचे. दोन्ही डाव मी उशिरा पोचली. या डावाले मी तिले शब्द देल्ला हाये."

"तुमच्या डोक्शासाठीच हाये ना हे सगळं, बाई!" गोविंदसिंग दुखावल्यासारखे म्हणाले. "नियम मी केला काय? मी तं निसता पाळून राह्यलो. आना टोपडं, घ्या सायकल."

तांडा सहा मैलांवर होता. संक्रांतीला दोन महिने होते. साडेसात रुपयांत एक टोपडं आणायला दोन महिने पुष्कळ झाले, असं ललिताबाईला वाटलं. (तिची नोकरी तेव्हा फक्त सात वर्षांची होती.)

त्या काळी जऊळक्याच्या बाजारात डोक्यावर घालायच्या वस्तूंची वाण नव्हती. फेटा होता, पण तो बांधायला अर्धा तास लागे आणि बाईमाणसानं बांधला तर गावाला बोलायला सहा महिने पुरे. गांधीटोपी होती, ती डोक्याचं नाही तरी खुर्चीचं रक्षण करते असा अनुभव होता. गवंड्याचं घमेलं मापाला जवळपास बसे, पण त्याच्या दोन कड्या कानांवर येत आणि समोरच्याचं बोलणं दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं वाटे. डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ तर घरोघरी होती. ती ओझ्यापासून वाचवते, पडण्यापासून नाही. पण बायकांच्या बाबतीत तेवढ्यावर शेकडो वर्षं भागलेलं होतं. शिरस्त्राण मात्र अख्ख्या बाजारात नव्हतं. एक सापडलं ते गणपतीच्या मेळ्यातल्या पुठ्ठ्याच्या मावळ्याचं, आणि तेही उंदरांनी पोखरलेलं.

शेवटी ललिताबाई स्टेशनाजवळच्या खेमचंद सेठच्या किराणा दुकानात गेली. खेमचंद सेठ म्हणजे जऊळक्यातला शेवटचा शब्द. त्यांच्याकडे नाही ती वस्तू जगात नाही, असं लोक म्हणत. आणि जी जगातच नाही तीही ते मागच्या खोलीत बघून येत.

सेठजींनी तिचं म्हणणं ऐकलं, तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग फडताळाकडे पाहिलं. फडताळावर धान्य मोजायची जुनी पितळी मापं उपडी घातलेली होती. पायली सर्वांत मोठी, तिच्या निम्मी अधोली, अधोलीच्या निम्मा शेर. सरकारनं किलो आणल्यापासून ही मापं वापरणं गुन्हा झाला होता. पण तीन पिढ्यांनी त्यांनी ज्वारी मोजलेली, आणि एकदाही कमी भरलेली नव्हती. ती मोडीत घालायला सेठजींचा जीव होत नव्हता.

"सेठजी, हे वापरनं तं गुन्हा हाये ना?"

"जवारी मोजली तं गुन्हा," सेठजी शांतपणे म्हणाले. "डोकसं मोजलं तं कायचा गुन्हा? डोक्शाचा कायदा आनखी निंगाला नाई. बसा अशा उजेडात."

पायली तिच्या नाकापर्यंत खाली आली आणि आतून तिचा आवाज विहिरीतल्यासारखा यायला लागला. शेर डोक्याच्या टोकावर गांधीलमाशीसारखा बसला. अधोली मात्र बरोब्बर कपाळावर आली, पण मागं अंबाड्याला अडून तिरकी राहिली.

सेठजींनी डोळे बारीक केले. चाळीस वर्षांच्या धंद्यानं त्यांना एकच मोजणी शिकवली होती. "बाई, डोकसं तुमचं अधोलीचंच हाये," ते म्हणाले, "पन शिगेनं भरलं हाये."

शीग म्हणजे माप काठोकाठ भरून वर राहणारा धान्याचा ढीग. शिगेनं माप घालणारा दुकानदार पुण्यवान समजला जाई, त्यामुळे ललिताबाईला यात काही वावगं वाटलं नाही. सेठजींच्या पत्नी जतनबाई पडद्याआडून बाहेर आल्या.

"अवो, शीग मोडा न मंग! अंबाडा सोडून वेनी टाका पाठीवर. माप सपाट होते का नाई, मी पाह्यतो."

वेणी घालताच माप सपाट झालं. जतनबाईंनी पाणी गाळायचं कोरं फडकं चौपदरी करून अधोलीच्या आत बसवलं आणि काठावरून दोऱ्यानं आवळलं. हनुवटीखाली सायकलच्या फुटक्या ट्यूबची पट्टी आली. डोकं सुरक्षित झालं आणि वजन दीड शेरानं वाढलं. सात रुपये ठरले. बाकीची दोन दरपत्रकं सेठजींचे बंधू कैलासचंद आणि मेहुणे जिनदास यांनी दिली. दोघांकडेही अधोली नव्हती, पण दर होता, आणि परिपत्रकात दरपत्रकच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उपकचेरीत मापाची तपासणी झाली. नियम शास्त्रशुद्ध होते. भुवया आणि शिरस्त्राण यांत दोन बोटांचं अंतर असावं. हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जावं, दोन जाऊ नयेत. डोकं पाच वेळा ‘नाही’ आणि पाच वेळा ‘हो’ असं हलवल्यावर शिरस्त्राण जागचं हलू नये.

बोटं कोणाची, हे लिहिलेलं नव्हतं. गोविंदसिंग यांची बोटं केळ्यासारखी होती, शिवाय परस्त्रीच्या कपाळाला हात लावणं त्यांना जमणारं नव्हतं. तेव्हा जतनबाईंना बोलावून ‘मानद बोट’ म्हणून नेमण्यात आलं. (बिनपगारी, एका दिवसापुरतं.) त्यांची दोन बोटं भुवईवर बसली, एक पट्ट्यात गेलं. पुढं ‘नाही’ची चाचणीही उत्तम झाली, खात्यात ‘नाही’ सगळ्यांनाच सफाईनं येतं. ‘हो’ म्हणताना अधोली जरा पुढं आली. गोविंदसिंग यांनी ते सोडून दिलं, कारण कचेरीत ‘हो’ म्हणायचा प्रसंग वर्षातून एखादाच येतो.

दाखल्यावर सही करायला त्यांनी टाक उचलला आणि टाक हवेतच राहिला.

"बाई, तांड्यात शिरतानी तुमी डोक्शावर पदर घेता ना?"

"घेतो. म्हातारे मानसं बसेल राह्यतात पारावर."

"मंग पदर टोपड्याच्या आत घेसान का भाईर?"

ललिताबाईनं हा विचार केला नव्हता. परिपत्रक काढणाऱ्यांनीही केला नव्हता, कारण त्यांच्यापैकी कोणी पदर घेत नसे. आत घेतला तर दोन बोटांचं अंतर दीड होत होतं. बाहेर घेतला तर शिरस्त्राण दिसत नव्हतं, आणि न दिसणारं शिरस्त्राण घातलं आहे असं कोणत्या अधिकाऱ्यानं म्हणावं? गोविंदसिंग यांनी टाक खाली ठेवला आणि वर विचारणा केली. पत्र वाशीमला गेलं, वाशीमहून अकोल्याला, अकोल्याहून आणखी पुढं. सायकल कोठीत राहिली. उंदरांनी तिची सीट खायला घेतली. त्यांना शिरस्त्राणाची अट नव्हती.

ललिताबाई पायी फिरू लागली. पूर्वी दिवसाला तीन गावं होत, आता एक होई. तांड्यावर जाऊन परत यायला बारा मैल. मार्गशीर्षात ती दोनदाच जाऊ शकली. दुसऱ्या खेपेला रुपाबाईनं तिचा हात सोडला नाही.

"बाई, या डावाले येसान ना टायमावर?"

"येईन वं. निरोप धाड फक्त."

"सायकल कुठी हाये तुमची?"

"सायकल बेस हाये," ललिताबाई म्हणाली. "एकदम सुरक्षित हाये."

संक्रांतीच्या चार दिवस आधी भर दुपारी रुपाबाईचा नवरा गुलाबसिंग तांड्यापासून धावत आला. उपकचेरीच्या पायरीवर त्याला आधी दम टाकावा लागला, मग बोलावं लागलं.

"नर्सबाई, चाला! रुपीले सकाऊनपासून कळा सुटल्या. लेकरू आडवं हाये म्हून राह्यली माही माय."

ललिताबाई गोविंदसिंग यांच्या टेबलापाशी गेली. "सायब, किल्ली."

गोविंदसिंग उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खरोखर किल्लीवर हात ठेवला. मग त्यांना पेन्शन दिसलं असावं. "बाई, पदराचं उत्तर नाई आलं आनखी. रस्त्यात तुमाले काई झालं तं मी काय लिहू?"

"अन् तिले काई झालं तं?"

"ते आपल्या रजिस्टरात येत नाई, बाई," गोविंदसिंग अगदी हलक्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी खिडकीबाहेर, स्टेशनाजवळच्या दुकानाकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर उजेड पडला. "पन नियम खात्याच्या सायकलीले हाये. खेमचंद सेठची सायकल कुठी खात्याची हाये? तिच्यावर बसलं की डोकसं तुमचं सोताचं. त्याचं काईबी झालं तरी आपला संबंध नाई."

खात्याच्या सेवेतल्या माणसाचं डोकं नेमकं कोणत्या क्षणी खात्याचं असतं, याचा इतका स्वच्छ खुलासा आजवर कोणत्याही परिपत्रकात झालेला नाही.

सेठजींची सायकल पुरुषी होती, मधल्या नळीची, एका ब्रेकची. ललिताबाईनं नऊवारीचा काचा मारला. गुलाबसिंग मागच्या कॅरिअरवर बसला, कारण सहा मैल धावून त्याच्यात चालवायचं त्राण नव्हतं, आणि खरं म्हणजे त्याला सायकल येतही नव्हती. दाखल्याअभावी दुकानातच पडून राहिलेली अधोली घेऊन जतनबाई धावत आल्या आणि त्यांनी ती त्याच्या मांडीवर आदळली. "असू द्या संगं! पडसान नाई तं!"

ती पडली नाही. सहा मैल तिनं पाऊण तासात काढले. पारावरच्या म्हाताऱ्यांसमोरून जाताना पदर आत नव्हता आणि बाहेरही नव्हता, तो कमरेला खोचलेला होता. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या आणि वाट दिली.

तांड्यावर गुलाबसिंगची आई रामीबाई चूल पेटवून बसली होती, पण घरातली सगळी भांडी संक्रांतीच्या गुळाच्या पाकानं माखलेली. कात्री आणि दोरा उकळायला स्वच्छ भांडं पाहिजे होतं. ललिताबाईनं मागं न बघता हात केला. गुलाबसिंगनं अधोली दिली. रामीबाईनं पट्टी आणि आतलं फडकं टराटरा ओढून काढलं, अधोलीत पाणी चढलं. पितळ जाड होतं; पाणी सावकाश तापलं, पण निवलंही उशिरा. ललिताबाईनं दोन तास हातानं लेकरू वळवलं. तिन्हीसांजेच्या आत मुलगी झाली, आणि एवढ्या जोरात रडली की पारावरच्या म्हाताऱ्यांना कळलं. जतनबाईंच्या चौपदरी फडक्यात तिला गुंडाळलं. फडकं अगदी मापाचं निघालं.

रुपाबाईनं डोळे उघडले. "आल्या तुमी," एवढंच म्हणाली.

पुढल्या आठवड्यात ललिताबाईला ज्ञापन मिळालं. शिरस्त्राणाचं अस्तर काढून मापात फेरफार केल्याबद्दल, शिरस्त्राण चुलीवर ठेवल्याबद्दल, आणि ते ज्या अवयवासाठी मंजूर झालं त्याव्यतिरिक्त वापरल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला होता. तिनं लिहिलं, ‘मापात बसले.’ खुलासा समाधानकारक नसल्याचं तिला कळवण्यात आलं.

पदराचं उत्तर होळीनंतर आलं. ‘नियमाप्रमाणे करावे.’

मार्चअखेरीस योजनेचा अहवाल निघाला. त्या वर्षी तालुक्यात खात्याच्या सायकली तेवीस. दाखल्याअभावी कोठीत जमा, तेवीस. सायकलवरून पडून डोक्याला झालेल्या इजा, शून्य. मागच्या वर्षी एक होती. (तीही डोक्याला नव्हती, पण पडणाऱ्याचं डोकंच ठिकाणावर नाही असं सगळे म्हणत.) शंभर टक्के यश मिळालेली खात्याची ती एकमेव योजना. वरच्या साहेबांचा हार घालून सत्कार झाला, आणि त्यांच्याही डोक्याला काही झालं नाही.

एवढं वाचून तुम्हाला त्या खात्याचं हसू आलं असेल. येऊ द्या. पण तुमच्याही घरात एखादी बहीण, मुलगी, नात असेल, जिला पडेल म्हणून सायकल शिकू दिली नाही. ती आजपर्यंत एकदाही पडलेली नाही. कुठं गेलीच नाही तर पडेल कशी? हेही शंभर टक्के यशच. त्या घरगुती परिपत्रकावर सही कोणाची होती, तेवढं आठवून पाहा.