मावंल का?

सुदामआप्पांच्या कपात चहा ओतायला गेलं की ते आधी कपावर हात धरतात आणि विचारतात, "मावंल का?" चहावाला नवा असला तर गोंधळतो. आम्ही सरावलोय. लिफ्टमध्ये, डबा भरताना, कपाटात फाइल ठेवताना आप्पा हेच विचारतात, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती असते.

शिरूरच्या आमच्या छोट्या कंपनीत शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचा डबा बनतो. त्यातला प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला. त्यात बाहेरच्याला शिरायला कुठं फट राहिलीय का, हे शोधणं आप्पांचं काम. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. ते सगळा कोड चाळून संशयाच्या जागा दाखवतं. बहुतेक फुसक्या निघतात, म्हणून बाकीचे नुसती नजर फिरवतात. आप्पा मात्र एकेका ओळीपाशी थांबतात, कपाळ पुसतात आणि पुटपुटतात, "हितनं शिरंल कुणीतरी."

एका दुपारी ते अशाच एका ओळीवर अडले. मला म्हणाले, टेबलावरच्या डब्यातल्या सिमकार्डावर तुझ्या फोनवरून लांबलचक मेसेज पाठव. माझा नंबर डब्यात नोंदवलेला नव्हता, म्हणजे डब्यानं मला दाद द्यायलाच नको होती. माझ्याकडं गावाकडच्या एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पडून होत्या, सगळ्या पदव्यांसकट. त्याच पाठवल्या.

डब्यात टक् झालं आणि मोटर चालू झाल्याचा दिवा लागला.

मी हसले. आप्पा पांढरे पडले. मेसेज ठेवायची जागा लहान होती, आणि तो तिथं मावतो का हे कोड बघतच नव्हता. जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडत होती, आणि मोटर चालू की बंद हे नेमकं तिथंच लिहिलेलं होतं. म्हणजे कर्जाच्या जाहिरातीनंही मोटर चालू झाली असती.

बाहेर चाचणीला एकच डबा गेला होता, मांडवगण फराट्याला, रज्जाकमामा या शेतकऱ्याच्या विहिरीवर. सकाळीच मामांचा फोन आला होता, की पंप पाणी उचलत न्हाई, दुपारी उतरून बघतो.

आप्पांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. गावातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर आमच्याकडं नव्हता.

एरवी आप्पा माझ्या स्कुटीवर बसायला तयार नसत. त्या दिवशी बसले आणि म्हणाले, "पळव पोरी." वाटेत ते फोन लावत राहिले. रिंग वाजून थांबली की माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात आणखी घट्ट व्हायचा. वाटेतलं न्हावरं गाव मागं पडलं आणि मलाही काही सुचेनासं झालं.

विहिरीच्या काठावर मामांचा सदरा पडला होता, त्यावर वाजणारा फोन. आप्पांनी आधी खांबावरचा मेन स्विच खाली ओढला, मगच आत डोकावले. मामा छातीभर पाण्यात, दोन्ही हात पंपात घालून उभे होते. मोटर मोबाइलवरून बंद केलेली, म्हणून निर्धास्त.

"मामा, वर या," आप्पा म्हणाले.

"काय झालं?"

"आधी वर या."

मामा वर आले तसं आप्पांनी त्यांचं ओलं मनगट धरलं आणि सोडेचनात. सगळं मलाच सांगावं लागलं. ऐकताना मामा आपल्या बोटांकडं बघत होते. मग आप्पांकडं बघून म्हणाले, "लईच भ्यालात की तुमी."

"व्हय," आप्पा म्हणाले.

डबा काढून घेतला, चहा झाला. मामा जेवायला थांबा म्हणत होते, पण उजेडात परतायचं होतं. निघताना ते आप्पांना म्हणाले, "घरी पोचला की फोन करा. तवर मला घोर."

आप्पा डबा मांडीवर घेऊन स्कुटीवर बसले.

शिरूरला मी त्यांना त्यांच्या खोलीपाशी सोडलं. इतकी वर्षं एकत्र काम करून मी तिथं पहिल्यांदाच गेले होते. दाराला कुलूप होतं, बाहेर दोरीवर एकच टॉवेल. आप्पांनी किल्ली काढली नाही. पायरीवर बसले आणि फोन लावला.

"मामा, पोचलो मी."

पलीकडून जेवणाचं विचारलं असावं. "न्हाई अजून. टाकतो आता खिचडी," आप्पा म्हणाले, आणि मग मामांना पंपाचं विचारू लागले, सुनेचं, नातवंडांचं. मी स्कुटी वळवली तरी ते बोलतच होते.