फुटपाथवरचं टेबल

घरमालकिणीला मांजर चालत नाही, मोठ्यानं हसणं चालत नाही आणि दुपारच्या झोपेत जिन्यावरची पावलं तर अजिबात चालत नाहीत.

मामेभाऊ, फोनवर: "तिकडे लोक चांगल्या चांगल्या वस्तू फुटपाथवर ठेवून देतात. लाजायचं नाही. उचलायचं."

या गल्लीत सामानाची गाडी उभी करायला जागा नाही. ड्रायव्हर सामान उतरवतो आणि जागा शोधत चकरा मारतो.

आई, फोनवर: "जमिनीवर बसून लिहितेस? मान धरली की कळेल. आणि पासपोर्ट उशीखाली कसला ठेवतेस? नीट ठेव कुठेतरी."

खोली अजून पक्की नव्हती. "रविवारपर्यंत बघते कशा वागता ते, मग ठरवू," असं मालकीण म्हणाली होती. त्याआधी दोघी कुणाच्या तरी ओळखीनं मिळालेल्या स्वयंपाकघरात, फ्रिजची घरघर ऐकत झोपत होत्या.

शनिवारी दुपारी भाजी घेऊन येताना त्यांना टेबल दिसलं.

दोघी म्हणजे या परक्या शहरात शिकायला आलेली ही मुलगी आणि तिच्याच खोलीत राहणारी, तिच्याच वर्गातली मैत्रीण. मैत्रिणीला सगळा वर्ग हवालदार म्हणायचा. कारण ती फक्त सांगायची, करायचं बाकीच्यांनी.

टेबल त्यांच्याच इमारतीच्या दाराशी एकटं उभं होतं. गडद लाकूड, पितळी मुठीचा खण.

"हे कुणी टाकलं असेल?"

"अक्कल नसेल त्यानं. ते टोक धर."

"कुणाला तरी विचारूया का?"

"कुणाला? टेबलाला? धर म्हणते ना!"

पहिल्या मजल्यावर मालकीण झोपलेली. दोघींनी चपला काढून खणात टाकल्या, भाजीची पिशवी टेबलावर ठेवली आणि श्वास रोखून चढायला लागल्या. एक कांदा घरंगळला, पायरीपायरीनं टप्पे खात खाली गेला. दोघी पुतळ्यासारख्या थांबल्या. मालकिणीचं दार उघडलं नाही. तिसऱ्या मजल्यावर खोलीत पोचेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

खणातल्या चपला काढल्या, टेबल पुसलं, खिडकीशी लावलं, पुस्तकं मांडली. मुलीनं लगेच आईला व्हिडिओ कॉल केला.

"ढेकूण बघितलेस का?" आईचा पहिला प्रश्न.

"नाहीत गं! आणि हे बघ, खणसुद्धा आहे." तिनं पासपोर्ट खणात ठेवून दाखवला.

"आता कशी शहाण्यासारखी वागलीस," आई म्हणाली.

तेवढ्यात खालून किंकाळी आली. "माझं टेबल कुठंय?"

दोघी खिडकीशी धावल्या. फुटपाथवर एक बाई उभी होती. भोवती ट्रंका आणि चार खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. गाऊन सावरत मालकीण बाहेर आली.

"ताई, टेबल उतरवून आम्ही गाडी लावायला गेलो, आणि आलो तर..."

"चोरी? माझ्या दारात? माझ्या सख्ख्या बहिणीचं टेबल? थांब, पोलिसांनाच बोलावते."

वर आई विचारत होती, "कोण ओरडतंय गं?"

"टीव्ही," हवालदार म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

"आपण चोर आहोत," मुलगी म्हणाली.

"पकडलो तर."

"खाली जाऊन खरं सांगूया."

"सांग की. आणि उद्यापासून फ्रिजशेजारी झोप." हवालदार पुस्तकं खाली उतरवत होती. "नीट ऐक. ही बहीण दुसऱ्या मजल्यावर राहायला येतेय, मालकीण परवाच सांगत होती. टेबल तिच्या दाराशी नेऊन ठेवायचं. तिला वाटेल, हमालांनी वर आणलं. आपण काही बघितलं नाही."

दार उघडलं. टेबल बाहेर.

वळणापर्यंत ठीक.

वळणावर टेबलाचा पाय कठड्यात अडकला. हवालदार खालच्या बाजूला, मुलगी वरच्या. मधे टेबल.

"उचल."

"उचललंय."

"मग हलत का नाही?"

"तू ढकलतेयस म्हणून!"

खाली पावलं वाजली.

"तिरकं कर."

"कुणाकडे तिरकं?"

पावलं दुसऱ्या मजल्यावर आली. मालकीण, मागे बहीण. दोघींनी वर पाहिलं.

मुलगी टेबलाआड वाकली. हवालदारानं मात्र कपाळ पुसून सुस्कारा सोडला. "बरं झालं आलात! तुमच्यासाठीच वर आणत होतो. नेटानं चढलो आणि एक मजला जास्तच वर गेलो."

मालकिणीनं टेबल खालून वरपर्यंत निरखलं. मग बहिणीकडे वळली. "बघ! आणि मी पोलिसांना बोलावत होते. हमाल बसलेत गाडीत, आणि पोरी बघ कशा राबतायत."

चौघींनी टेबल सोडवून बहिणीच्या घरात नेलं. मग पोरी राबणाऱ्याच ठरल्या होत्या, त्यामुळे ट्रंका आणि खुर्च्याही त्यांनीच आणल्या. बहिणीनं चहा केला. मालकीण टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "लाकूड बघा, पोरींनो. हिनं मुद्दाम घडवून घेतलंय."

"ताई, राहू दे ना," बहीण पुटपुटली.

"राहू दे काय? कारागिराच्या डोक्यावर बसून करवून घेतलंस म्हणालीस ना?"

आणि मुलीला पासपोर्ट आठवला. तिनं हवालदाराला चिमटा काढला, डोळ्यांनी खण दाखवला.

"टेबल जरा पुसून देऊ का?" मुलगी उठली.

"बस गं. दमलीस."

हवालदारानं विचार केला आणि कपातला चहा टेबलावर सांडला. "अगंबाई! बघू, मी पुसते."

"थांब, खणात एखादं फडकं असेल," म्हणत मालकिणीनंच खण ओढला.

फडकं नव्हतं. मालकिणीनं पासपोर्ट उघडला. फोटो पाहिला. मुलीकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

मुलीच्या डोक्यात फ्रिज घरघरायला लागला.

"फुटपाथवर होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी टाकून दिलंय. म्हणून उचललं. मग तुमचा आवाज आला आणि... घाबरलो. चुकलं."

"टाकून दिलंय? असलं टेबल?" मालकिणीचा आवाज चढला. "आणि फुटपाथवरच्या वस्तू उचलतं कोण? भिकार लक्षणं!"

बहिणीच्या हातातली कपबशी खणखणली.

"ताई, मीच दिलं होतं," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हटलं, माझं घर लागेपर्यंत वापरा."

"कधी?"

"मघाशी. तू झोपली होतीस."

"मग टेबल कुठंय म्हणून गल्ली डोक्यावर का घेतलीस?"

"विसरले."

"ही तर म्हणतेय, उचललं."

"पोर घाबरलीय. काहीही बोलतेय. ताई, राहू दे गं यांना. मलाही सोबत होईल."

मालकिणीनं तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पासपोर्ट मुलीच्या हातात दिला. "राहा. पण जिन्यात कांदे टाकू नका."

बाहेर आल्यावर मुलगी जिन्यातच थांबली. "त्या आपल्यासाठी खोटं का बोलल्या गं?"

"चांगल्या घरच्या आहेत," हवालदार म्हणाली.

ते टेबल बहिणीनं मागच्या महिन्यात, आपल्या जुन्या गल्लीतल्या फुटपाथवरून उचललं होतं.