तीस काकूंचे पैकीच्या पैकी

संगणकशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आमच्या वर्गातली पोरं रडकुंडीला आली होती आणि मी मात्र मस्त निवांत होतो. माझा प्रकल्पच तसा होता हो! क्लातेन या आमच्या गावात आमच्या गल्लीची सामाईक भांडी आहेत: ताटं, चमचे, भात वाफवायचं एक भलंमोठं पातेलं. कार्य निघालं की ज्याला लागेल त्याने न्यायचं, झालं की भांड्यांच्या खोलीत परत आणून ठेवायचं. कोणी काय नेलं ते सांगणारं अॅप मी बनवलं. आईच्या हिशोबाच्या वहीतल्या आठ वर्षांच्या नोंदीही त्यात घातल्या. आता उरलं होतं फक्त अभ्यासक्रमातलं तिसरं उद्दिष्ट: 'विद्यार्थी खऱ्या वापरकर्त्यांकडून परीक्षण करून घेईल व त्यानुसार सुधारणा करेल.' वापरकर्ते काय, आईच्या महिला मंडळातच तीस जणी होत्या.

मंडळाच्या बैठकीत मी सगळ्यांच्या फोनमध्ये अॅप घालून दिलं आणि दहा प्रश्नांचे कागद वाटले. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. आईने केळ्याची भजी तळली. दहा मिनिटांत कागद परत, आणि तीसच्या तीस जणींनी सगळीकडे पाच! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तसाच विडारती मॅडमकडे गेलो. त्या माझ्या मार्गदर्शक.

"सातवा प्रश्न वाच, गालिह," त्या म्हणाल्या.

वाचला. 'हे अॅप वापरताना मला फार त्रास झाला.' पाच म्हणजे अगदी खरं. आठवा होता, 'अॅप वापरायला सोपं आहे.' तिथेही पाच.

"यातल्या एकीने तरी अॅप उघडलं होतं का?"

"भजी मात्र सगळ्यांनी खाल्ली," मी म्हणालो.

"शुक्रवारी बारापर्यंत खरी मतं आण आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करून दाखव. नाही तर पुढच्या सत्रात भेटू."

पुढचं सत्र म्हणजे सहा महिने. जकार्तातली नोकरी जवळजवळ पक्की झाली होती. ते लोक सहा दिवस थांबले तरी उपकार!

आमच्याकडे तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. एखाद्याचा भात करपला तर आम्ही म्हणतो, काय खमंग वास सुटलाय. अशा गल्लीत मी बुधवारी खरं मत मागायला निघालो. तीसही जणींना पुन्हा आमच्या ओसरीवर बसवलं.

"काकू, अॅपमध्ये काय वाईट आहे ते सांगा."

"काही नाही रे बाळा, छान आहे," मुर्यानी काकू म्हणाल्या.

"छान म्हणालात तर मी नापास होईन."

सगळ्या हळहळल्या. पोराला वाईटच हवंय तर देऊ या, असं ठरलं. पण अॅप उघडलं होतं कोणी? मग जे माहीत होतं तेच कागदावर उतरलं. 'गालिह चपला वाटेत काढतो.' 'कापलेले केस शोभत नाहीत.' आणि सुमियाती काकूंनी लिहिलं, 'हल्ली याच्या आईची मिरचीची चटणी पातळ असते.'

कागद गोळा करत होती आई. तिने हा कागद वाचला, घडी घातली आणि गोड हसली. ती हसली की मी जरा लांब सरकतो.

"सुमियाती, चटणी पातळ असेल हो. पण ते मोठं पातेलं तुझ्याकडे कधीपासून आहे, बघू दे." तिने फोन काढला. "हे बघ, सहा वर्षं!"

"मी तेव्हाच परत केलं होतं! आणि तुझ्या नावावर चार डझन ताटं दिसतायत ती?"

मग मात्र तीसही फोन उघडले. जिच्या तिच्या नावावर काही ना काही होतंच. ऐंशीच्या तुकिनेम आजी तर बाराशे चमच्यांच्या चोर निघाल्या.

"गालिह," आजी शांतपणे म्हणाल्या, "परत केलं हे सांगायचं बटण कुठे आहे?"

मी शोधलं. नव्हतं. वहीत आई परत आलेल्या वस्तूवर काट मारायची. मी फक्त नेलेलं मोजत राहिलो होतो!

पुढचा अर्धा तास मला जे परीक्षण मिळालं ते देव कोणाला न देवो. अक्षरं बारीक, बटणं चुकीच्या जागी, आणि बनवणारा बिनडोक. सगळं लिहून घेतलं. गुरुवारी बटण घातलं, शुक्रवारी अकरा वाजता मॅडमपुढे उभा राहिलो. त्यांनी बटण दाबून पाहिलं. तीसही काकूंनी तोवर घरबसल्या आपापल्या नावावरचं सगळं 'परत' करून टाकलं होतं. अॅपमध्ये एकही चमचा कोणाकडे बाकी नव्हता!

"याला म्हणतात परीक्षण," मॅडम म्हणाल्या. मी पास!

मी पास झाल्याच्या आनंदात रविवारी गल्लीला पिवळा भात घालायचं ठरलं. आई भांड्यांच्या खोलीची किल्ली घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"आत एक झाडू आहे. पातेलं कुठे आहे?"

"खोलीतच आहे," मी अॅप बघून सांगितलं.

शेवटी पलीकडच्या गल्लीतून पातेलं मागून आणलं. भात फार छान झाला, सगळे म्हणाले. पातेलं अजून आमच्याकडेच आहे. त्या गल्लीत अजून अॅप नाही, आणि मीही कोणाला बनवून देणार नाही.